न्हाणीतल्या पांढऱ्या फरशा

नव्वद रुपयांत स्वयंपाकघर आणि न्हाणी दोन्ही होतात, हे शरयूनं चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं मांडून ठेवलं होतं. दोन्हीकडे इथल्याच खाणीचा दगड, न्हाणीतल्या दगडाला पाय घसरू नये म्हणून छिन्नीनं खरखरीत टाकी मारलेली, चुना, गवंड्याची मजुरी, आणि वर सात रुपये शिल्लक. एखाद्या ठेकेदाराला जमला नसता इतका चोख हिशोब होता. पण घरातल्या बाईचा हिशोब वाचायला कुणाला सवड असते! भिंत सारवताना सासूबाईंनी तो पुसूनसुद्धा टाकला.

तिचे यजमान दिनकरराव दरबारच्या फौजी खात्यात कारकून होते. अडकलेला पगार एकदम हाती आला, तेव्हा "दगड बघून येतो" म्हणून ते पाटणकर बाजारात गेले आणि हातगाडीवर चार खोकी घेऊन परतले. पेंढ्यात गुंडाळलेल्या चिनी मातीच्या फरशा होत्या. पांढऱ्याशुभ्र, कडेला निळी रेघ, आणि अंगावर अशी चकाकी की खाली वाकलं तर आपलाच चेहरा दिसावा. बहात्तर रुपये! स्वयंपाकघराचा वाटा त्यातच गेला होता.

"अहो, ह्या तर दिवारीच्या आहेत," शरयू म्हणाली.

"दुकानदारपण तेच बोलला. पण फर्शवर लावल्या तर काय बिघडतं? तू खामखा काळजी करू नकोस."

त्या भिंतीच्या, जमिनीच्या नव्हेत, हे तिला कुणी सांगायला नको होतं. दोन वर्षांपूर्वी ती दवाखान्यात नऊ दिवस पडून होती, तेव्हा खाटेसमोरच्या भिंतीवर अशाच फरशा होत्या. नऊ दिवस तिनं दुसरं काही पाहिलं नव्हतं.

तेव्हाही सातवा महिना होता. न्हाणीतला जुना दगड झिजून गुळगुळीत झाला होता आणि श्रावणात त्यावर हिरवं शेवाळ धरलं होतं. "दगडाला टाकी मारून घ्या," असं तिनं दिनकररावांना सांगितलं होतं. ते "बघतो" म्हणाले होते. आठव्या दिवशी पाण्याचं घंगाळ उचलताना तिचा पाय निसटला आणि त्याच रात्री मूल गेलं. मुलगा होता. घरादारानं निकाल दिला, सून वेंधळी आहे. दिनकरराव तसं कधी म्हणाले नाहीत, पण तसं नाही असंही कधी म्हणाले नाहीत. त्यानंतर शेवाळ हा शब्दच त्यांच्या तोंडी आला नाही. आणि आता पुन्हा सातवा महिना लागला होता.

सासूबाई, विजयाबाई, मात्र खुशीत होत्या. स्वयंपाकघरात दगड बसला की शेणानं सारवायचं कुठं, आणि न सारवता सोवळं राहायचं कसं, ही त्यांना धास्ती होती. आता स्वयंपाकघर जसंच्या तसं राहिलं आणि वर आळीला दाखवायला झकपक न्हाणी मिळाली. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, अशातली गत झाली. त्यांनी लगेच जाहीर करून टाकलं, "शुक्रवारी बायकांना हळदीकुंकवाला बोलावते. नव्या न्हाणीत पहिलं नहाण सूनबाईचं, मग ओटी भरू."

बुधवारी फरशा बसल्या. गवंडी गेल्यावर शरयूनं तांब्याभर पाणी ओतलं आणि दारातूनच एक पाय टेकवून पाहिला. पाय थांबलाच नाही. चौकट हाताशी होती म्हणून निभावलं. ती तिथंच दोन्ही हातांनी पोट धरून उंबऱ्यावर बसली.

जेवताना तिनं दिनकररावांना सांगितलं, "पाय ठरत नाही हो तिथं."

"पोतं टाक एखादं," ते पानावरून नजर न उचलता म्हणाले.

पोतं टाकून पाहिलं, तर पायासकट पोतंच घसरलं. मग ती सासूबाईंकडे गेली. "आईसाहेब, मी अंगणात आडोशाला न्हाईन. एवढे दोन महिने."

"लोक काय म्हणतील? बहात्तर रुपये पाण्यात घातले आणि सून अंगणात न्हाते? सांभाळून चाललं की कुणी पडत नाही, सूनबाई."

हे वाक्य ती दोन वर्षं ऐकत आली होती. माहेरी, धारला निघून जावं असं मनात आलं, पण सातव्या महिन्यात आगगाडीत कोण बसवणार? सगळी दारं बंद होती. गुरुवारी सकाळी भाजी चिरता चिरता तिच्या मनात आलं की उद्या ह्याच वेळी आपण पुन्हा त्या खाटेवर असू. तिला भडभडून आलं. ऐकायला कुणी नव्हतं, म्हणून ती पोटभर रडली.

दुपारी विजयाबाई देवळात गेल्या होत्या. गल्लीतून ओळखीची हाक आली, "सिल टँकवा लो, चक्की टँकवा लो!"

रामकली होती ती. पाटा आणि जातं वापरून गुळगुळीत झालं की दर सहा महिन्यांनी येऊन ती छिन्नी-हातोडीनं त्यांना टाकी लावून जायची. शरयू धावतच दारात गेली. तिच्या अवस्थेत धावू नये हेसुद्धा विसरली. पाट्याकडे वळणाऱ्या रामकलीचा हात धरून तिनं तिला न्हाणीत नेलं.

"इसको टाँको."

रामकलीनं फरशीवर नख वाजवून पाहिलं. "बाई, जे तो चीनी माटी है. चटक जैहै."

"तडकली तर तडकू दे. टाँक."

पहिल्या घावाला शरयूनं डोळे मिटून घेतले. मग ती उंबऱ्यावर बसून बघत राहिली. टकटक चालू होती, पांढरी खपली उडत होती, चकाकी जाऊन देवीच्या व्रणांसारखे खड्डे उठत होते. पाच फरशा तडकल्या. मजुरी म्हणून तिनं दोन पायली गहू दिले, तेही न विचारता. आता चोरीच करायची तर हात आखडता कशाला घ्यायचा!

विजयाबाई परतल्या त्या न्हाणीच्या दारातच मटकन बसल्या. "घर बुडवलं गं हिनं! बहात्तर रुपये!" संध्याकाळी दिनकरराव पगडीही न काढता आत आले, तेव्हाही विजयाबाईंचा आक्रोश चालूच होता.

दिनकररावांनी फरशा पाहिल्या आणि त्यांचा चेहरा उतरला. "हे काय केलंस?"

"मला हे मूल पाहिजे," शरयू म्हणाली. आवाज चढला होता, पण तिला पर्वा नव्हती. "मारा, माहेरी पाठवा, काय करायचं ते करा. पण मला हे मूल पाहिजे."

दिनकररावांनी जोडे काढले, तांब्याभर पाणी फरशीवर ओतलं आणि अनवाणी आत गेले. एक पाय, मग दुसरा. कोपऱ्यापर्यंत जाऊन ते पाठमोरे उभे राहिले.

"शेवाळ धरत नाही म्हणाला होता दुकानदार," ते म्हणाले. "बाकी काही बघितलंच नाही मी. ह्यावर शेवाळ कधी धरत नाही, एवढंच ऐकलं आणि पैसे मोजले."

दोन वर्षांत तो शब्द शरयू त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होती.

"ती वेंधळेपणानं पडली नव्हती, आईसाहेब," ते भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले. "तिनं आठ दिवस आधी मला सांगितलं होतं. मी बघतो म्हणालो आणि बघितलं नाही."

विजयाबाईंचं रडं थांबलं. दिनकररावांनी डोळे पुसले आणि पायानं चाचपत ते पाणी तापवायच्या बंबाकडे सरकले. तिथं त्यांचा पाय जरा घसरला.

"इथल्या चारांना टाकी लावायची राहिली," ते म्हणाले, आणि पगडी तशीच डोक्यावर ठेवून, ओल्या पायांनी, रामकलीला हाका मारत गल्लीत गेले.