बादलीवरची लाल रेघ

तिला घरात सगळे मोजपट्टी म्हणत. पोहायला नेलं तर ही आधी तलावाची खोली विचारायची, चहात साखर घालताना चमचा काठाशी घासून सपाट करायची. विज्ञानाची पदवी झाली आणि पाणीपुरवठा कार्यालयात नोकरी लागली तेव्हा आत्या म्हणाली, “चला, आता सरकारनंच हिला मोजायला ठेवलं.” नोकरीच्या गावी आत्याचंच घर होतं, चढावरच्या गल्लीत. त्यामुळे राहण्याचा प्रश्न नव्हता. प्रश्न होता तो आत्याच्या टोमण्यांचा, आणि त्याची तिला सवय होती.

त्या दिवशी सकाळी अकराला परदेशातून पाहुणी येणार होती. गावाला नवे पंप मिळणार होते ते तिच्या संस्थेच्या मदतीतून. कोणत्या गल्लीला किती वेळ पाणी सोडायचं हे गावच्या समितीनं ठरवायचं की राजधानीतल्या मुख्य कार्यालयानं, एवढंच तिला ठरवायचं होतं. गेले तीन महिने ते गावाकडे होतं, पण प्रयोग म्हणून. प्रयोग फसला की वेळापत्रक राजधानीत जाणार आणि तिथला कोणीतरी नकाशावर बोट ठेवून इथले नळ सोडणार.

वेळापत्रकाचं गणित मोजपट्टीचं होतं. दोन्ही गल्ल्यांतल्या चाळीस-चाळीस घरांना तिनं चिठ्ठ्या वाटल्या होत्या: बादली काठोकाठ भरा आणि किती सेकंद लागले ते लिहा. चढावरच्या गल्लीत सरासरी एकशे साठ सेकंद लागले, उतारावरच्या गल्लीत एकशे वीस. चढावर पाणी हळू येणार हे तर शेंबडं पोरही सांगेल. समितीनं खालची वीस मिनिटं काढून वर दिली. त्याला आता तीन आठवडे झाले होते.

सकाळी सातला ती न्हाणीघरात आपली पांढरी बादली भरून उभी होती. तेवढ्यात आत्या ओरडली, “अगं, ते पाणी माझ्या निळ्या बादलीत ओत. तुझी मला फरशी पुसायला हवीय.”

तिनं काठोकाठ भरलेली बादली निळ्या बादलीत ओतली. पाणी काठापर्यंत आलंच नाही, चांगलं चार बोटं खाली राहिलं.

मग लिटरचं माप आणून तिनं दोन्ही बादल्या मोजल्या. पांढरी पंधरा, निळी वीस.

“आत्या, शेजारी कसली बादली आहे गं?”

“निळीच. अख्ख्या गल्लीत निळ्याच आहेत. सात वर्षांपूर्वी ट्रक भरून आल्या होत्या, मदतीच्या. का?”

“आणि खालच्या गल्लीत?”

“त्यांना कुठल्या मिळायला! दुकानातल्या असतील, ज्याच्या त्याच्या.”

दुकानातल्या म्हणजे पंधराच्या. वीस लिटरला एकशे साठ सेकंद, पंधरा लिटरला एकशे वीस. भागाकार करायला तिला कागद लागला नाही. दोन्हीकडे पाणी अगदी सारखं येत होतं. तिनं सगळं विचारलं होतं, सेकंदसुद्धा. बादली केवढी, एवढंच विचारलं नव्हतं.

कार्यालयात पोचली तेव्हा दारात चावीकाका भेटले. गावातले सगळे व्हॉल्व्ह उघडणारा-मिटणारा हा माणूस तीस वर्षं खांद्यावर लोखंडी चावी घेऊन फिरत होता. तिनं त्यांना सगळं सांगितलं.

“मग मी काय बोंबलत होतो?” काका म्हणाले. “खालचा व्हॉल्व्ह मी चावीच्या साडेनऊ आट्यांच्या वर उघडतच नाही. वरचा पुरा सोडतो. सारखं करूनच ठेवलंय मी. पण तुम्ही एवढा मोठा कागद आणलात, बाई. कागदापुढं आट्यांचं कोण ऐकतं?”

ती तशीच साहेबांच्या खोलीत गेली.

साहेब टेबलावर नवं कापड पसरत होते. तिचं ऐकून ते खुर्चीत बसले. “अहो, आजच सापडायचं होतं का हे? झाकली मूठ सव्वा लाखाची. आजचा दिवस निभावू द्या. पुढच्या महिन्यात हळूच दुरुस्त करू.”

“आणि तोवर खालच्यांनी काय करायचं, साहेब?”

“वेळापत्रक राजधानीत गेलं तर वरचे आणि खालचे दोघंही बसतील कोरडे. विचार करा.”

तिनं विचार केला. साहेबांचं अगदीच चूक नव्हतं, हीच तर पंचाईत होती. ती घरी गेली, आत्या दिसली नाही, दोन्ही बादल्या उचलल्या आणि परत आली.

अकराला समितीची सभा भरली; वरच्या गल्लीच्या वतीनं आत्याही तीत होती. पाहुणी साधीच होती, पायांत धुळीनं माखलेले बूट, मांडीवर जाड फॉर्म. शेजारी दुभाष्या. साहेबांनी भिंतीवरचा तक्ता छडीनं दाखवला आणि सगळं सुरळीत आहे असं सांगितलं. पाहुणीनं विचारलं, कोणाची काही तक्रार?

साहेबांनी नाही म्हणायला तोंड उघडलं, तोच खालच्या गल्लीतली शिंपीणबाई उठली. “आहे ना! तीन आठवडे झाले, धुणं आटपायच्या आत नळ जातो. कपडे शिवायचे की नळापाशी बसायचं?”

“उतारावर राहून पाण्याची तक्रार!” मागून आत्या म्हणाली. “कमाल आहे बाई.”

मोजपट्टी उठली. “त्यांचं बरोबर आहे. चूक माझी आहे.” आणि मध्ये येऊन तिनं पांढरी बादली भरली, निळीत ओतली. चार बोटं जागा सगळ्यांना दिसली.

मग आत्याचा आवाज आला, “ती माझी बादली आहे! मला न विचारता आणलीस?”

सभेचा बाजार झाला.

“वीस मिनिटं आमचं पाणी ढापलंत!” शिंपीणबाई.

“ढापलं कुठं? पानात वाढलं तेवढं घेतलं!” आत्या.

“साडेनऊ आटे!” चावीकाका चावी जमिनीवर आपटत म्हणाले. “साडेनऊ! आता तरी कोणी लिहून घ्या!”

साहेबांनी डोळे मिटून घेतले. दुभाष्या तर बिचारा कोणाचं आधी सांगू अशा पेचात होता. पण पाहुणी त्याच्याकडे बघतच नव्हती. ती निळ्या बादलीपाशी उकिडवी बसली होती आणि रुमालानं तिचं अंग पुसत होती. धुळीखालून एक पुसट चिन्ह निघालं. तेच चिन्ह तिच्या फॉर्मवर होतं.

तिनं काहीतरी विचारलं. दुभाष्या म्हणाला, “बाई विचारतात, या बादल्या एकाच गल्लीला कशा?”

“यादी राजधानीतून आली होती,” आत्या म्हणाली. “त्यात आमचीच गल्ली होती. खरं तर आम्हाला कोपऱ्यावर नळ हवा होता. आल्या बादल्या.”

“तुम्हाला आधी कोणी विचारलं नाही?”

“विचारलं ना. रंग कोणता हवा ते.”

पाहुणीला हसू आवरेना. तिचे कान मात्र लाल झाले होते.

तोवर मोजपट्टीनं तक्त्यावर नवे आकडे लिहिले होते. आत्या आणि शिंपीणबाई आकड्यांपुढे शेजारीशेजारी उभ्या होत्या.

“घ्या परत तुमची वीस मिनिटं,” आत्या म्हणाली. “आज संध्याकाळपासून.”

“आणि तीन आठवड्यांचं काय?”

“रविवारी अर्धा तास जादा घ्या. पण मी माफी मागणार नाही हं. गणित माझ्या भाचीचं आहे, माझं नाही.”

शिंपीणबाईला हसू फुटलं. समितीच्या बाकीच्यांनी हात वर केले, चावीकाकांनी तर दोन्ही.

पाहुणीनं घड्याळ पाहिलं. दुभाष्या म्हणाला, “बाई म्हणतात, तक्रार आली, चूक सापडली, दुरुस्त झाली, सगळं मिळून पन्नास मिनिटं. राजधानीतल्या अशाच एका तक्रारीमागे त्या चौदा महिने आहेत, अजून उत्तर नाही. वेळापत्रक इथंच राहील.”

साहेबांनी डोळे उघडले आणि पुन्हा एकदा ऐकवायला सांगितलं.

“आता अचूक मोजायला काय देऊ, असंही विचारतात. इलेक्ट्रॉनिक मीटर आहेत त्यांच्याकडे.”

“नकोत,” मोजपट्टी म्हणाली. “बिघडले तर दुरुस्तीला राजधानीतच जातील. लाल रंगाचा एक डबा द्या. प्रत्येक बादलीवर दहा लिटरची रेघ मारू आणि रेघेपर्यंतचे सेकंद मोजू.”

पाहुणीनं फॉर्म चाळला. मीटरला रकाना होता, पंपाला होता, प्रशिक्षणाला तर तीन होते. रंगाच्या डब्याला नव्हता. फॉर्म नव्यानं करावा लागेल, असं तिनं समासात लिहिलं.

“तो होईल तेव्हा होईल,” आत्या म्हणाली. “खिडक्या रंगवून उरलेला माझ्याकडे आहे.”

संध्याकाळी आत्याच्या अंगणात बादल्यांची रांग लागली. शिंपीणबाई खालच्या गल्लीतल्या सात बादल्या घेऊन आली होती. पाहुणी लिटरचं माप घेऊन पाणी ओतत होती आणि दुपारभरात शिकलेल्या मराठीत मोठ्यानं मोजत होती, “आट, नव, दाहा!” पातळ प्लास्टिकमधून पाण्याची पातळी बाहेर दिसायची आणि तिथं आत्या ब्रश ओढायची.

निळ्या बादलीवर रेघ मारून आत्यानं वर पाहिलं. भाची गप्प उभी होती, ओठ घट्ट मिटून.

“बोल बाई, बोल. पोटात ठेवू नकोस, दुखेल.”

“काही नाही गं.”

“बोल म्हणते ना!”

“उजवीकडे दोन मिलिमीटर वर गेलीय.”

आत्यानं ब्रश तिच्या हातात कोंबला. “पुढची तू मार. मी चहा टाकते, आणि साखर मीच घालणार.”