दसऱ्याला पूजा, परीक्षेला दर्शन

मी सूक्ष्मदर्शक. मोहाडीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात, जीवशास्त्राच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात राहतो. कपाटाला कुलूप आहे. मुलं येताजाता मला बघतात, मीही त्यांना बघतो. बारीकसारीक दाखवायला जन्माला आलो आणि शोभेला बसलो. हसू नका, मला राग येतो.

वर्षातून दोनदा माझी सुटका होते. एकदा दसऱ्याला. शिपाई भुपेंद्रभाऊ मला पुसतो, हळदकुंकू लावतो, झेंडू वाहतो, हात जोडतो. मग बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेला. सर काचपट्टी लावून फोकस जमवतात, पहिल्या बाकावरच्या सचिनला मदतीला घेतात आणि बाकीच्यांना बजावतात की डोळा लावायचा, हात नाही. उत्तर आधीच पाठ करून घेतलेलं असतं.

सर दुष्ट नाहीत. भिंग फुटलं तर नवीन कधी येईल कुणास ठाऊक, ही त्यांची धास्ती खरी आहे. पण सचिनच्या हातून मी फुटेन असं त्यांना कधी वाटलं नाही. आंबागड, नाकाडोंगरीहून बसने येणाऱ्या पोरीच तेवढ्या फोडणार, हे मात्र ते धरून चालत.

त्यातलीच हर्षा. आंबागडच्या बौद्ध वस्तीतली. वडील परसराम जंगलाच्या कामावर जातात, आई मंगलाबाई लोकांच्या धानाच्या बांधीत रोवणी करते. हर्षाला रोगजंतू शोधणाऱ्या प्रयोगशाळेत काम करायचंय. मागे तिने सरांना विचारलं होतं, सूक्ष्मदर्शक मला एकदा हाताळू द्याल का.

सर हसले. "तुमच्यासाठी तर जागा राखीवच हाये. तुले कायले एवढं टेन्शन?"

ती वळून माझ्या कपाटाकडे बघू लागली. काचेतून मला तिचा चेहरा दिसत होता. मला हात असते तर ते कुलूप मीच तोडलं असतं.

या वर्षीची परीक्षा आली. सरांनी सकाळीच फोकस जमवला. बाहेरून परीक्षक मॅडम येणार म्हणून भुपेंद्रभाऊने जाता जाता मला पुन्हा एकदा भक्तिभावाने पुसलं. फडक्यात माझा फोकसचा मोठा स्क्रू अडकला आणि फिरला. कुणाच्या लक्षात आलं नाही. मी जिवाच्या आकांताने ओरडत होतो, पण ऐकतो कोण?

पहिला सचिन. त्याने डोळा लावला. आत नुसतं राखाडी धुकं. तो क्षणभर थबकला आणि एका दमात म्हणाला, कांद्याच्या मुळाचं टोक, पेशीविभाजन. मॅडमनी गुण लिहिले. पुढचा तेच बोलला, त्याच्या पुढचाही तेच. नाकाडोंगरीची प्रतिक्षासुद्धा खाली मान घालून तेच बोलून गेली. शरमेने माझं लोखंड तापलं.

मग हर्षा वाकली. तिचा डोळा माझ्यावरून निघेना. उत्तर तिला पाठ होतं. म्हटलं असतं तर पूर्ण गुण. खरं बोलली तर साऱ्या वर्गाचं पितळ उघडं पडणार होतं, आणि गुणांच्या कागदावर सरांचीही सही लागते. बोल बाई, तेच बोल आणि सूट, असं मलाही वाटून गेलं.

"मॅडम, मले काही दिसून नाही राहिलं."

सर पुढे आले, पोरगी घाबरली आहे, पुढची घेऊ म्हणाले. मॅडमनी त्यांना हातानेच थांबवलं.

"मग दिसेल असं कर."

"हात लावू?" हर्षाने विचारलं. मॅडमनी मान हलवली.

तिची बोटं गार होती. तिने स्क्रू फिरवला आणि तो उलटा फिरला. माझं भिंग काचपट्टीकडे उतरू लागलं. फुटेल, फुटेल, सर पुटपुटले. मीही जीव मुठीत धरला. भिंग काचेला टेकणार तोच ती थांबली. खाली वाकून बाजूने अंतर पाहिलं आणि हळूहळू उलट फिरवू लागली. धुकं विरळ झालं, रेषा आल्या, पेशी आल्या.

पाठ केलेलं ती बोललीच नाही. म्हणाली, "एका पेशीतले धागे दोन्हीकडे ओढल्या जाऊन राहिले, मॅडम. आता तिच्या दोन होतीन."

मॅडमनी स्वतः पाहिलं. मग वर्गाकडे वळून विचारलं, आधीच्यांना काय दिसलं होतं? सगळे जमिनीकडे बघू लागले. सर खिडकीबाहेर.

प्रतिक्षा उठली.

"मले बी नव्हतं दिसलं. माह्ये मार्क काटा मॅडम, पण मले एकदा हात लावू द्या."

मॅडमनी तिचे गुण खोडले आणि तिला पुन्हा रांगेत उभं केलं. तिच्यामागे आणखी दोघी आल्या. शेवटी सचिन उठला आणि सगळ्यांच्या मागे जाऊन उभा राहिला.

आता प्रतिक्षा माझ्यासमोर आहे. तिचा हात माझ्यापर्यंत येतो आणि मागे जातो. शेजारी सर कुलूप घेऊन उभे आहेत. सर, मला एवढ्यात कपाटात ठेवू नका. फुटायचंच असेल तर मी या पोरींच्या हातात फुटेन.