डोक्यापासून खाली

“आज तरी गर्भपिशवीचा धडा हाय का, शिस्टर?” ओसरीवर चपला काढता काढता भागिरथीने विचारले.

“नाही हो मावशी, आज आतडी,” जयमाला सिस्टर म्हणाली. “डोक्यापासून सुरू केलंय. क्रमानं खाली जाऊ.”

“तुमी खाली जाईस्तवर मी वर जाईन!”

ओसरीवरच्या बाकीच्या अकरा सुइणी खदाखदा हसल्या. राजूरच्या बाजाराच्या दिवशी भाजीपाला, मीठमिरची घेऊन झाली की आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या या बाया दवाखान्याच्या ओसरीवर अर्धा तास बसत. एका बाजाराला एकच अवयव, असा सिस्टरचा नेम. मेंदू झाला, फुप्फुसे झाली, काळीज झाले, जठर झाले. यकृताच्या दिवशी तर हिराबाईने आपल्या नवऱ्याचे यकृत कसे असेल याचे असे काही वर्णन केले की वर्ग तिथेच सुटला.

आतड्यांच्या दिवशी सिस्टरने कुणाचे तरी नवे नऊवारी लुगडे मागून घेतले आणि ओसरीभर उलगडले. “लहान-मोठी आतडी मिळून जवळपास एवढी लांब. आता ही पोटात मावतात कशी?” आणि निऱ्या घालत घालत तिने अख्खे लुगडे एका पाटीत बसवून दाखवले. बाया आपापल्या पोटाकडे बघतच राहिल्या.

भागिरथीही हसली, पण तिचे चित्त खालच्या धड्यात अडकले होते. तीस वर्षांपूर्वी तिची धाकटी बहीण रतनबाई तिच्याच हाती बाळंत झाली होती. मुलगी ठणठणीत रडली, वारही पडली, आणि मग रक्त काही थांबेना. दिवस कासराभर वर यायच्या आत रतनबाई गेली. कुणी म्हणाले, बाहेरचे काही लागले. सासरचे म्हणाले, भागिरथीच्या हाताला यश नाही. त्यानंतर तिने दोनशेवर बाळंतपणे सुखरूप केली, पण ते वाक्य काही तिच्या मनातून गेले नाही. त्या दिवशी आत नेमके काय झाले, आपल्या हातून काय चुकले, एवढेच तिला मरण्याआधी समजून घ्यायचे होते. त्यासाठी ती साठाव्या वर्षी दर बाजाराला दोन कोस चालत येत होती.

पुढच्या बाजारी मूत्रपिंडे होती आणि त्याच्या पुढच्या बाजारी गर्भपिशवी. पण मूत्रपिंडांच्या दिवशी नगरहून जीप आली. जीपमधून आरोग्य खात्याचे सुमंत साहेब उतरले. वर्ग चालू ठेवायचा की बंद करायचा, हे तेच ठरवणार होते. माणूस सज्जन होता, चष्मेवाला, मोजके बोलणारा. खुर्चीवर बसून त्यांनी विचारले, “यकृत कुठं असतं?”

बारा पदर कपाळावर ओढले गेले. उत्तर सगळ्यांना येत होते, पण परक्या पुरुषासमोर आपल्या अंगावर बोट ठेवून ते सांगायचे कसे? साहेबांनी जठर विचारले, काळीज विचारले. हिराबाईसारखी तोंडाळ बाईसुद्धा जमिनीवर नखाने रेघा ओढत बसली.

साहेबांनी पेनाचे टोपण काढले. “सिस्टर, यांना काहीच येत नाही. वर्ग बंद करावा लागेल.”

भागिरथीचा एकच धडा उरला होता, एकच! ती उठली. त्याच दिवशी घेतलेले लुगडे तिने पिशवीतून काढले, एक टोक हिराबाईच्या हाती दिले, दुसरे खांबाला बांधले आणि ओसरीच्या मधोमध पडदा उभा केला. साहेब पलीकडे, बाया अलीकडे.

“शिस्टर, सायबांना म्हनावं, आता इचारा.”

पलीकडून जरा खाकरल्याचा आवाज आला. “यकृत?”

“उजवीकडं, बरगड्यांच्या आड!” बारा तोंडे एकदम उघडली. मग काय, साहेबांना विचारायला उसंत मिळेना. काळीज कुठे, श्वास कसा आत जातो, मूत्रपिंडे किती, सगळे धबाधबा बाहेर पडू लागले.

“बरं, आतड्याची लांबी किती?”

“आता ग बया! सायबांच्या म्होरंच टांगलीय की!” हिराबाई ओरडली.

साहेब गोंधळले. सिस्टरने हसू आवरत त्यांना लुगड्याचा धडा सांगितला, तेव्हा ते इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग आवाज जरा खाली आणून म्हणाले, “जेवल्यावर माझ्या छातीत जळजळ होते. ती कशानं?”

“सायबांना म्हनावं, जेवून लगीच आडवं पडू नगा,” पडद्याआडून भागिरथीने कळवले. “जठरातलं आंबट वर येतं.”

साहेबांनी शेरा लिहिला. वर्ग चालू राहिला.

पुढच्या बाजारी भागिरथी सगळ्यांच्या आधी येऊन बसली. आज तिने एकही थट्टा केली नाही. सिस्टरने फळ्यावर उलट्या भोपळ्यासारखी पिशवी काढली. बाळ कुठे वाढते, वार कुठे चिकटते, हे सांगून झाल्यावर ती म्हणाली, “बाळ आणि वार बाहेर आली की पिशवीनं मुठीसारखं आवळून घ्यायला पाहिजे. नाही आवळलं तर रक्त थांबत नाही.”

“का आवळत न्हाई?” भागिरथीचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. मग अडखळत तिने रतनबाईचे सगळे सांगितले.

सिस्टरने खडू खाली ठेवला. “पिशवी थकली असेल, मावशी. कधीकधी आवळतच नाही. आपण वरून पोट चोळायचं, बाळाला पाजायला लावायचं आणि तडक दवाखाना गाठायचा. त्याला इंजेक्शन लागतं. तीस वर्षांपूर्वी तुमच्या वस्तीवर ते कुठून येणार होतं? तुमच्या हातानं ते झालं नव्हतं.”

भागिरथीने पदराने तोंड पुसले. डोळे वाहत होते आणि तिला हसूही येत होते. तीस वर्षांत तिला इतके हलके कधी वाटले नव्हते.

मग ती उठली. एकेका बाईपुढे बसून तिने तिचा हात हातात घेतला आणि बोटे मिटवून पिशवीसारखी मूठ करायला लावली. शेवटी टोकाला बसलेल्या कोवळ्या सुइणीपाशी ती जरा जास्तच थांबली.

“आसं न्हाई,” ती म्हणाली. “आवळ. आजून आवळ.”