लिफ्टकाकांचा होकार

बँकेतल्या साहेबांनी रेकॉर्डिंग लावून स्पीकरचा आवाज वाढवला आणि तीन वर्षांपूर्वीचे लिफ्टकाका बोलायला लागले. बोलणं म्हणजे काय, नुसतं "हो". मग एका मुलीचा गोड, घाईतला आवाज आणि पुन्हा "हो".

काकांची लेक टेबलावर वाकून ऐकत होती. काका स्वतः मात्र कधी तिच्या तोंडाकडे, कधी साहेबांच्या तोंडाकडे बघत होते, आणि दोघांपैकी कुणी मान हलवली की आपणही हलवत होते.

प्रकरण तसं साधं होतं. घराचं छत गळायला लागलं म्हणून काकांनी या बँकेतून कर्ज काढलं. पैसे वेळेवर मिळाले, छत दुरुस्त झालं, हप्ता मात्र सांगितल्यापेक्षा जास्त बसला. असेल काहीतरी, म्हणून काकांनी तो निमूट भरला. यंदा लेकीनं कागद उलगडून बघितले तेव्हा कळलं, की कर्जातच अठ्ठावीस हजारांचा विमा घुसडलाय आणि त्याच्यावरही व्याज चालू आहे. नोकरी गेली तर विमा कंपनी हप्ते भरेल, असा तो विमा. पण फक्त कायम नोकरीवाल्यांसाठी. काका सरकारी हॉस्पिटलात लिफ्ट चालवायचे ते कंत्राटावर. उद्या त्यांना घरी बसवलं असतं तरी त्या विम्यातून फुटकी कवडी मिळाली नसती. टकल्या माणसाला कंगवा विकावा तसा तो विमा त्यांच्या गळ्यात मारला होता.

हे पैसे परत मिळाले तर लेकीची शेवटच्या वर्षाची फी भरली जाणार होती. नाही मिळाले तर ती भरली जाणार नव्हती. तिसरी वाट घरात कुणालाच दिसत नव्हती, आणि शोधून शोधून सगळे थकले होते.

"कायम नोकरी आहे ना, सर?" स्पीकरमधली मुलगी विचारत होती.

"हो."

"विमा ऐच्छिक आहे. तुम्ही स्वखुशीनं घेताय ना?"

"हो, हो."

"कर्जातच मिळवू ना?"

"हो."

आपल्या हातात काही नाही, अशी साहेबांनी खूण केली. माणूस वाईट नव्हता. त्यांनी दोघांना चहा मागवला होता, खुर्च्या दिल्या होत्या. बँकेनं जबरदस्ती केलेली नाही, असं त्यांनी शांतपणे समजावलं. उलट कायम नोकरी आहे अशी खोटी माहिती अर्जदारानंच दिली आहे. ते आम्ही ताणत नाही, तुम्हीही ताणू नका. लेकीचा चेहरा उतरला. तिनं पिशवी खांद्याला लावली. रेकॉर्डिंग बंद करायचं राहून गेलं होतं, ते तसंच चालू होतं.

"तुम्हाला काही विचारायचंय का, सर?"

"हो."

"विचारा ना."

"हो."

"सर, विचारा."

"हो, हो. ठीक."

आणि फोन बंद झाल्याचा आवाज आला.

लेक उठता उठता खाली बसली. एवढंच पुन्हा लावा म्हणाली. साहेबांनी लावलं. तिनं आणखी एकदा लावायला सांगितलं. मग तिनं गळ्यातली ओढणी तोंडावर धरली, खोकला आल्यासारखी, आणि ओढणीआडून नेहमीच्या आवाजात विचारलं, "बाबा, आज वार कोणता?"

"हो," काका म्हणाले.

साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. दोघंही आपल्याकडेच बघताहेत, हे काकांच्या लक्षात आलं. त्यांनी दोघांकडे आळीपाळीनं बघून कसनुसं हसून घेतलं.

साहेब आता पुढे झुकले. काकांना दिसेल असं सरळ बसून, एकेक शब्द सुटा करून ते बोलले. ऐकू न येणाऱ्या माणसाला फोनवर विमा विकला असेल तर बँकेला पैसे द्यावेच लागतील, व्याजासकट. फक्त ऐकू येत नाही असा सरकारी दाखला आणा. तेवढा आणलात की मी स्वतः वर पाठवतो.

म्हणजे जिंकले होते. लेकीला मात्र बसमध्ये रडू कोसळलं. तिच्या मैत्रिणी लहानपणापासून तिचा हेवा करायच्या. तुझे बाबा कशालाच नाही म्हणत नाहीत, म्हणायच्या. सहलीला जाऊ? हो. सायकल घ्याल? हो. सायकल आली नाही तेव्हा आई म्हणाली होती, विसरले असतील. हे कॉलेज, हा विषय, सगळं तिनं त्यांना विचारूनच घेतलं होतं, स्वयंपाक करता करता, पाठमोरी. त्यांच्या कोणत्या होकाराला अर्थ होता आणि कोणता नुसता आवाजाच्या दिशेनं फेकलेला होता, याचा तिला आता काही केल्या उलगडा होईना. शेजारी बसलेले काका खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण विचारलं काहीच नाही. विचारलं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

आईला सगळं माहीत होतं. छापखान्यात होते तेव्हापासून ऐकू कमी व्हायला लागलं, ती म्हणाली. यंत्रांशेजारी वीस-बावीस वर्षं उभं राहिल्यावर दुसरं काय होणार. छापखाना बंद पडल्यावर लिफ्टवर लागले. तिथं बरं पडतं. माणसं जवळ उभी असतात, तोंडासमोर बोलतात, निम्मी तर बोटांनीच मजला सांगतात.

"मला वाटलं, तुलाही माहीत असेल," आई म्हणाली. "मी नेहमी त्यांच्या समोर जाऊनच बोलते की."

लेकीनं ते रोज पाहिलं होतं. आईला नवऱ्याच्या अगदी पुढ्यात जाऊन भांडायची खोड आहे, असं तिला वाटायचं, आणि ती त्यावरून आईला चिडवायचीसुद्धा.

खरी अडचण पुढेच होती. असला दाखला शहरात एकाच ठिकाणी मिळायचा, काकांच्याच हॉस्पिटलात, तिसऱ्या मजल्यावर, कानाच्या विभागात. शेजारच्याच खोलीत कंत्राटदाराचा मुकादम बसायचा, आणि लिफ्टमन हा त्याचा माणूस. दुसऱ्या लिफ्टवरच्या म्हाताऱ्याची नजर अधू झाल्याचं कळलं, तेव्हा मुकादमानं त्याला पहिल्या तारखेची वाटसुद्धा बघू न देता काढून टाकलं होतं. लिफ्ट अडकली, आतून कुणी ओरडलं, धोक्याची घंटा वाजली, तर जबाबदार कोण, असं तो म्हणाला होता. त्यात त्याचं काही चुकलंही नव्हतं. रात्री पडल्या पडल्या काकांच्या मनात तोच प्रश्न यायचा, आणि ते कूस बदलायचे.

"पैसे एकदाच मिळतील," आई म्हणाली. "पगार दर महिन्याला येतो."

लेक म्हणाली, जाऊ दे, नकोच ते. तिनं हे खाली मान घालून म्हटलं, म्हणून काकांना कळलं नाही. त्यांनी तिची हनुवटी धरून तोंड वर केलं आणि पुन्हा बोलायला लावलं. मग म्हणाले, "आपण जायचं. मी दाखला घेणार. नोकरी काय, दुसरी बघू. तू शिक."

हे ते मनापासून म्हणाले होते. पुढे जे झालं त्यावरून कुणी त्यांच्यावर शंका घेऊ नये.

सोमवारी दुपारच्या सुट्टीत काका आपल्याच लिफ्टनं तिसऱ्या मजल्यावर गेले आणि तिथं उतरले. एवढ्या वर्षांत ते या मजल्यावर फक्त दार उघडायला थांबले होते. बाकावर लेक नंबर लावून बसली होती. जाणारे-येणारे सगळे ओळखीचे. एका नर्सनं विचारलं, काका, तुम्ही इकडे कुठे? काकांनी लेकीकडे बोट दाखवलं. पहिलं खोटं असं सहज निघून गेलं.

तपासणीची खोली म्हणजे लिफ्टएवढीच एक पेटी होती, आतून कापड लावलेली, समोर काच. काचेपलीकडे एक तरुण बाई यंत्रापुढे बसली होती. बाहेर रांग लांब होती आणि ती सकाळपासून जेवलेली दिसत नव्हती. तिनं काकांच्या कानांवर हेडफोन चढवले, आवाज आला की हात वर करा म्हणून खुणेनं सांगितलं आणि दार लावून घेतलं.

काका बसले. काहीही ऐकू आलं नाही. हेच तर हवं होतं. हात मांडीवर ठेवायचा आणि गप्प बसायचं, एवढंच काम. आयुष्यात पहिल्यांदा खरं उत्तर द्यायला काही करावंच लागणार नव्हतं.

तेवढ्यात काचेपलीकडे बाईचा खांदा किंचित हलला. तिनं बटण दाबलं आणि मान वर करून काकांकडे पाहिलं. ती त्यांच्या उत्तराची वाट बघत होती. समोरचं माणूस असं बघायला लागलं की काय करायचं, हे काकांना पक्कं ठाऊक होतं. वीस वर्षं त्यांनी दुसरं केलंच नव्हतं. ती बघत होती, तिच्या मागून कुणीतरी आत डोकावत होतं, मुकादम असेल किंवा नसेलही, आणि काकांचा हात वर गेला.

बाईनं मान डोलावली आणि काहीतरी टिपून घेतलं.

आता नाही, काकांनी मनाशी म्हटलं. त्यांनी डावा हात उजव्यावर दाबून धरला. खांदा हलला, नजर वर आली. दाबून धरलेला हात सुटला आणि वर गेला. त्यांनी डोळे मिटायचं ठरवलं. डोळे मिटल्यावर जग एकदम नाहीसं झालं, आणि त्या अंधारात ते इतके घाबरले की लगेच उघडले. बाई बघतच होती. त्यांनी हात वर केला. आपण लेकीचं वर्ष बुडवतोय हे त्यांना स्पष्ट दिसत होतं, आणि हात काही ऐकत नव्हता.

दार उघडून बाईनं हेडफोन काढले. "कान ठणठणीत आहेत, काका," ती हसून म्हणाली. "या वयात असे कान बघायला मिळत नाहीत." काकांनी तिचे ओठ वाचले आणि हो म्हटलं.

बाहेर लेकीनं कागद वाचला. मग पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला. काका तिच्यासमोर उभे होते, शाळेत मार खाल्लेल्या पोरासारखे, वापरून गुळगुळीत झालेल्या लिफ्टमनच्या गणवेशात.

"हात वर गेला गं," ते म्हणाले. "मी धरला होता."

लेकीला त्यांचा राग आला, भयंकर आला. ओरडावंसं वाटलं, आणि ओरडून उपयोग नाही हेही त्याच क्षणी कळलं. ती भिंतीकडे वळली. भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली, "फी भरायची शेवटची तारीख महिनाअखेरीला आहे, बाबा. ते मी तुम्हाला सांगितलं नव्हतं."

काकांनी तिची पाठ हलताना पाहिली. पुढे येऊन त्यांनी तिच्या दंडाला हात लावला.

"काय म्हणालीस?"

असं शब्दांनी त्यांनी तिला कधी विचारलं नव्हतं. ती वळली. डोळे पुसून, त्यांना नीट दिसेल असं सरळ उभं राहून, सावकाश म्हणाली, "काही नाही. सुट्टी संपली. जा, लोक खोळंबलेत."

लिफ्टपाशी खरंच गर्दी झाली होती. एका बाईच्या कडेवर मूल होतं, एक म्हातारा नळी लावलेली बाटली हातात धरून उभा होता, दोघंतिघं आपसांत बोलत होते. काका आत जाऊन आपल्या स्टुलापाशी उभे राहिले. सगळे चढले. दार ओढण्याआधी त्यांनी एकेकाकडे वळून, ओठांवर नजर ठेवून, कुठला मजला म्हणून विचारलं.