रंगाखालची कडी

एका मोठ्या पुढाऱ्याच्या खुनाला एकेचाळीस वर्षं झाली. गोळी ज्या इमारतीतून सुटली असं सगळे मानतात, ती त्या दिवसापासून सीलबंद होती. आता ती पाडायचं ठरलं, तेव्हा संग्रहालयासाठी तिसऱ्या मजल्यावरची खिडकी चौकटीसकट कापून आणली. हीच ती, असा दाखला हवा होता. त्या वेळी तपासणी करणाऱ्यांपैकी मी एकटाच उरलोय, म्हणून मला बोलावलं. बऱ्याच दिवसांनी कुणीतरी बोलावलं होतं. मी तासभर आधीच जाऊन बाहेरच्या बाकावर बसलो.

ती खोली एका शिंप्याची होती. खिडकीच्या खालच्या फळीवर घासल्याचा एक तिरका व्रण होता. बंदुकीची नळी टेकल्याचा, असं मी अहवालात लिहिलं. शिंपी सांगत राहिला, की तो त्याच्या इस्त्रीचा आहे, आणि खिडकी तर मुळात उघडतच नाही. माझ्या भिंगापुढे त्याचं कोण ऐकणार? तो तुरुंगातच वारला. त्याची मुलगी दरवर्षी मला पत्र पाठवते. एकच ओळ: तुम्ही खिडकी उघडून पाहिली होती का? मी एकदाही उत्तर दिलेलं नाही.

संग्रहालयातली मुलगी खिडकीला टेकून फॉर्म भरत होती. म्हणाली, "आजोबा, तुमच्यापेक्षा हिचेच सांधे जास्त धरलेत. आमच्या दोन सुतारांना दाद देईना."

मी हसलो, आणि हसू तोंडातच राहिलं. तपासणीच्या दिवशी आमचे साहेब असेच खिडकीला टेकून उभे होते. त्यांना 'बाजूला व्हा' म्हणायची माझी छाती झाली नाही. मी फळीवरचा व्रण तेवढा पाहिला. खिडकी उघडत असणारच, असं धरून चाललो.

"जरा बाजूला होतेस?" मी म्हणालो.

भिंग लावलं. कडीवर रंगाचे तीन थर, झडपेवरून चौकटीवर सलग गेलेले. कुठे चीर नाही. काचाही सगळ्या जुन्या, शाबूत. सीलबंद इमारतीत कोण रंगारी जाणार? म्हणजे खुनाच्या दिवशी ही बंदच होती, त्याआधीही कित्येक वर्षं. दाखल्याच्या जागी मी हे सगळं लिहिलं आणि सही केली. मुलीने दोनदा वाचलं. वरिष्ठांना विचारावं लागेल म्हणाली. मी म्हटलं, विचार.

पाकिटांवरचा पत्ता मला पाठ होता. शिंप्याची मुलगी आता साठीची असेल, दुकानात एकटीच मशीनवर बसली होती. मी कोण ते सांगितलं. तिचे पाय थांबले नाहीत.

"खिडकी उघडत नव्हती," मी म्हणालो. "मी उघडून पाहिलीच नव्हती."

मशीन थांबलं.

"बाबा तेच सांगत होते. लिहून दिलंत?"

"आज. सही करून."

तिने सुईत दोरा ओवायला घेतला. मला वाटलं, बोलेल काहीबाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

"जरा बाजूला व्हा," ती म्हणाली. "उजेड अडतोय."

मी दारातून आत सरकलो. मशीन पुन्हा सुरू झालं. तिने जा म्हटलं नव्हतं, म्हणून भिंतीपाशी उभा राहिलो.