वाणात गेलेली मावशी

पाचोऱ्याला भाईदास नानांच्या हॉलमध्ये देव एका कोपऱ्यात होते आणि बंदुका चारही भिंतींवर. छर्‍याच्या बंदुका, म्हणजे एअरगन. लायसन लागत नाही, पोलीस विचारत नाहीत, आणि हेच तर नानांचं दुखणं होतं. घरी आलेला माणूस आधी दचकायचा आणि मग हमखास विचारायचा, "खरी शे का?"

"नही, साबुदाणानी शे," नाना म्हणायचे, आणि त्या पाहुण्याचा चहा लांबणीवर पडायचा.

नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये झाली, पण जीव नेहमी नळ्यांत अडकलेला. भंगारात, जत्रेत, कुणाच्या माळ्यावर मोडकी एअरगन दिसली की नानांनी ती घरी आणलीच समजा. मग स्प्रिंग बदल, चामड्याचा वॉशर कापून बसव, लाकडी दस्ता घासून काढ. "लोकं म्हातारपनमा माळ वढतस, आमना ह्या नळ्या पुसतस," त्यांच्या पत्नी कुंदाबाई येईल त्याला सांगायच्या. नानांचा नियम मात्र एकच होता. जिवावर छर्रा नाही. सोडावॉटरच्या बाटल्यांची झाकणं, रिकामे डबे, फार तर मेणबत्तीची वात. कावळ्यालासुद्धा अभय. कावळ्यांनाही ते ठाऊक असावं, कारण ते भर नेमबाजीत कठड्यावर येऊन बसायचे.

या सगळ्या गोतावळ्यात थोरली होती मावशी. शाळेत असताना नानांनी ती जत्रेतल्या फुगेवाल्याकडून घेतलेली. गिऱ्हाइकाला बक्षीस मिळू नये म्हणून त्या चोराने तिची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेमाची खूण, वाकवून ठेवलेली. छर्रा हमखास डावीकडे जायचा. नानांची सख्खी मावशी तिरळी होती. बघायची एकाकडे आणि चापट दुसऱ्याला. तेच नाव बंदुकीला पडलं. बाकीच्या सगळ्या नानांनी सरळ केल्या, हिला हात लावला नाही. नेम धरायला तिनेच तर शिकवलं होतं. उजवीकडे दोन बोटं धरायचं, की झाकण उडालंच.

यंदा अधिक महिना आला. धोंड्याचा महिना म्हणजे जावयाचा महिना. लेक मयुरीचं लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं, त्यामुळे जावई हितेंद्र आणि त्याचे आईवडील, लीलाधरराव आणि तानुबाई, धुळ्याहून वाण घ्यायला आले. लीलाधररावांचा देवपुरात बंगला, आणि बंगल्याच्या हॉलमध्ये शाल-नारळ स्वीकारतानाचे स्वतःचे फोटो. घाम पुसतानाही हा माणूस सत्कार झाल्यासारखा हसायचा.

जेवणं झाली. कुंदाबाईंनी अनारसे आणि चांदीचं ताट पुढे आणलं. हितेंद्र हात पुढे करणार, तेवढ्यात लीलाधरराव खाकरले.

"पोऱ्या लाजस, म्हनीसन मी सांगस. ताट ऱ्हाऊ द्या, याही. वाणमा हाई बंदूक द्या."

बोट मावशीकडे होतं.

"मना गॅलरीमा कबुतरेस्नी भलती घाण करेल शे. एकेकले टिपी काढसू."

नाना लगबगीने उठले. त्यांनी भिंतीवरच्या नव्या, चकचकीत चार बंदुका दाखवल्या. "हाईच जोयजे. जुनी वस्तू शे," म्हणत लीलाधरराव हटले नाहीत. धोंड्याच्या महिन्यात व्याह्याने तोंडाने मागितलेलं नाही म्हणायचं, तर उद्या मयुरीला स्वयंपाकघरात ऐकावं लागणार. जन्मभर या बंदुका भंगारात घाला म्हणणाऱ्या कुंदाबाई आता डोळ्यांनी "द्या, द्या" करत होत्या. आणि मावशीने कबुतरं मारायची, तर नानांचा जन्माचा नियम मोडणार.

"पहिले चालाडी तं देखा," ते वेळ काढायला म्हणाले.

उन्हं कलल्यावर सगळी वरात गच्चीवर गेली. जिन्याच्या खोलीच्या भिंतीशी नानांनी विटांवर झाकणं मांडली. लीलाधररावांनी पोट आवरून नेम धरला. पहिला छर्रा डावीकडे, भिंतीचा चुना उडाला. दुसरा तसाच. पुढचा त्याहून डावीकडे, थेट पाण्याच्या टाकीत. टाकीतून बारीक धार लागली आणि हितेंद्र तिला अंगठा लावून उभा राहिला. सासुरवाडीत त्याला मिळालेलं हे पहिलंच काम.

"तुम्ही मारी दाखाडा," लीलाधरराव लाल होऊन म्हणाले.

कुंदाबाईंनी मागून नानांचा सदरा ओढला. "चुकाडा! याहीनं नाक कापू नका."

नाना उभे राहिले. चुकवायचं म्हणजे काय करायचं, हेच त्यांना आधी कळेना. मग सुचलं, की मावशीचा नेम सरळ धरला की झालं. त्यांनी तो सरळ धरला. चुना उडाला. झाकण जागच्या जागी. नानांना इतकी लाज वाटली, की त्यांनी कठड्यावरच्या कावळ्याकडेही बघितलं नाही.

लीलाधररावांच्या अंगावर मात्र मूठभर मांस चढलं. "म्हंजे बंदूकच भंगार शे! नको माले."

नानांचा जीव भांड्यात पडला. मावशी वाचली होती, जराशी बदनाम होऊन का होईना.

"आना इकडे," तानुबाई म्हणाल्या.

विहीणबाई सकाळपासून पहिल्यांदा बोलल्या होत्या. त्यांनी पदर खोचला. "तुमना बठ्ठा छर्रा डावीकडे जातस, मी कव्हयनी देखी राह्यनू," असं नवऱ्याला सुनावून त्यांनी नळी झाकणाच्या जराशी उजवीकडे वळवली.

टन्‌.

झाकण उडून टाकीवर आपटलं. कुंदाबाईंनी पुन्हा नानांचा सदरा ओढला. गप्प राहायचं शहाणपण नानांनी दाखवायला हवं होतं. पण ज्या मावशीला आजवर त्यांच्याशिवाय कुणी ओळखलं नव्हतं, तिला या बाईने एका छर्‍यात ओळखलं होतं. नाना हरखून ओरडले, "वा विहीनबाई! श्वास अर्धा सोडा, मंग घोडा दाबा!"

टन्‌. टन्‌.

"मंग चांगली शे ना बंदूक!" लीलाधररावांनी पवित्रा बदलला. "लई जाऊ!"

"लई जासूत," तानुबाई म्हणाल्या. "पन हाई मनी शे. पाखरेस्वर रोखशात तं देखी ल्या."

नानांनी स्वतः मावशीला पुसलं, तेल दिलं, कुंदाबाईंच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि तिचं नाव सांगून विहीणबाईंच्या हाती दिलं. गाडी वळणाआड गेल्यावर ते आत येऊन रिकाम्या खुंटीखाली बसले आणि लहान पोरासारखे रडले. कुंदाबाई पाणी घेऊन आल्या. भंगाराचा शब्द त्यांनी काढला नाही.

महिना सरता सरता लीलाधररावांचा फोन आला. आवाजातला सत्कार पार उतरला होता.

"याही, तुमनी मावशी परत लई जा हो! हॉलमधला मना बठ्ठा फोटो उतरायी टाकात, तठे तिले टांगेल शे. संध्याकाय व्हयनी का गच्चीवर टन्‌ टन्‌. गल्लीन्या बाया बी शिकाले येतस. कबुतरं गॅलरीमा निवांत, नि माले कोनी चहा ईचारत नही!"

नाना ताठ बसले.

"धोंडाना वाण परत लेतस नही, याही. पाप लागस."

पलीकडून उसासा आला. नानांनी हळूच विचारलं, "छर्रा डावीकडे तं जात नही ना?"

"नही ना! एक बी नही!"

नानांनी फोन ठेवला. डोळे भरले होते आणि हसूही आवरत नव्हतं.

"कोना फोन व्हता?" कुंदाबाईंनी आतून विचारलं.

"मावशी सुखमा शे," नाना म्हणाले.