हसता न येणारा शब्दकोश

मित्रांनो, आयर्लंडमधल्या सँडीफोर्डच्या एका जाहिरात कंपनीत खिडकीला टेकू देणारं जाडजूड पुस्तक दिसलं, तर तो मीच. चेक-इंग्रजी शब्दकोश. प्रागमध्ये छापलो गेलो तेव्हा माझी पाठ ताठ होती. आता ती चिकटपट्टीने धरून ठेवली आहे.

मूळची पुण्याची रुचा प्रागला शिकायला आली, तेव्हा तिने मला विकत घेतलं. पुढे नोकरीसाठी ती मला घेऊन आयर्लंडला आली. चेक जाहिरातींतले शब्दखेळ इंग्रजीत आणायचे, हे तिचं काम. अर्थ बिचारा मुकाट्याने येतो, गंमत मात्र वाटेतच पळून जाते! म्हणून नवी ओळ जमली की ती शेजारी बसणाऱ्या चित्राला मोठ्याने वाचून दाखवायची. चित्राला चेकचा गंधही नाही. ती खळखळून हसली की ओळ पास. मग रुचा मला थोपटून म्हणायची, "ह्याच्याशिवाय माझं काही खरं नाही." मी लगेच हरभऱ्याच्या झाडावर!

पुढे बहुतेक जण घरून काम करू लागले. चित्रा दूर एनिस गावी राहायला गेली. अर्थ संगणक सांगू लागला आणि माझी रवानगी खिडकीत झाली.

गेल्या महिन्यात एका चेक बिस्किटाची ओळ आली. साहेबांनी, हेमचंद्रांनी बजावलं होतं, "ही जमली नाही, तर पुढचं सगळं काम मशीनला देणार." रिकाम्या ऑफिसात रुचाने ओळ रचली, मोडली, पुन्हा रचली. शेवटी माझ्यासमोर उभी राहून तिने ती वाचली. माझ्या पोटात हसण्याचे कितीतरी शब्द आहेत, पण मला हसता येत नाही. इतकं एकटं मला कधीच वाटलं नव्हतं.

तिने ती ओळ चित्राला पाठवली. उत्तरात हसरा चेहरा आला. रुचा त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने फोन लावून स्पीकरवर ठेवला.

"अगं, ग्रँड आहे! सेंड करून टाक."

"तू हसलीस का पण?"

"नाही गं. सॉरी. खरंच नाही आलं हसू."

रुचाने डोळे पुसले. "थांब, फोन ठेवू नकोस," म्हणाली आणि पुन्हा लिहायला बसली. तिसऱ्या ओळीला चित्रा अशी हसली की सारं ऑफिस भरून गेलं.

तीच ओळ पसंत पडली. रुचाचं काम टिकलं.

मित्रांनो, कुणी तुम्हाला गंमत सांगितली, तर नुसता हसरा चेहरा पाठवू नका. फोन करा, मोठ्याने हसा. हसू नाही आलं, तर तसंही सांगा. पलीकडचं माणूस रिकाम्या खोलीत वाट बघत उभं असेल.